चिलापी, तू चढणीला जात नाहीस

घोडेगाव, ता. आंबेगाव
मृगाचा दुसरा आठवडा

चिलापी,

मायना काय लिहावा यात दोन कागद फुकट गेले. ‘चि.’ लिहावं तर तू या देशात आलीस 1952 साली, म्हणजे वयानं माझ्याहून थोरली. ‘ती.’ लिहावं तर परवाच तुला हळद-मीठ चोळून, तांदळाच्या पिठीत घोळवून तव्यावर घातली होती. वडीलधाऱ्यांशी असं कुणी वागत नाही. म्हणून नुसतं नाव लिहिलं, आणि तेही तुझं कागदोपत्रीचं नाव नव्हे. कागदावर तू तिलापिया, मूळची मोझांबिककडची, बँकॉकमार्गे आलेली. भीमाकाठच्या लोकांनी तुझा ‘ति’ काढून ‘चि’ लावला आणि भिगवणच्या हॉटेलांच्या पाट्यांवर ‘चिलापी फ्राय’ अशी काही बसवली, की आता उजनीची खासियत म्हणून पुण्या-मुंबईची माणसं गाड्या काढून तुला खायला येतात. आफ्रिकेतल्या माशाला सोलापूर रस्त्यावरची खासियत व्हायला साठ-सत्तर वर्षं पुरली. मिरचीला याहून जास्त लागली असतील.

पत्र लिहायचं कारण सांगतो. बाजारात डिंभ्याच्या पाण्यातले मासे घेऊन बसलेल्या एका मावशींकडून तुला घेतली. चार नग, किलोला थोडी कमी. खवले काढता काढता मावशींनी एकीचा जबडा दाबला, तर आतून मोहरीहून जरा मोठी, पिवळी अंडी ओघळली.

“हिची पोरं,” मावशी म्हणाल्या. “तोंडात धरून बसती. तवर खात न्हाई का पित न्हाई.”

जाळ्यात धडपडताना तू बहुतेकदा ती थुंकून टाकतेस म्हणे. ही एक तशीच राहिली होती. आजवर इतके मासे खाल्ले, पण त्यांना आई असते किंवा ते आई असतात हे डोक्यात आलं नव्हतं. त्या दिवशी आलं. तरी खाल्ली, ते सोड. पण माझी तुझ्याबद्दलची तक्रार त्या जबड्यापासूनच सुरू होते.

आमच्याकडं मासे म्हटले की चढण. मृगाचा पहिला दणका बसला, ओढे तांबडे झाले, की घोड, मीना, कुकडीतले मासे पाण्याविरुद्ध वर निघायचे. अंड्यांनी पोट भरलेले मळ्ये, खवल्या, शिंगटे, वांबा. नदीतून ओढ्यात, ओढ्यातून ओहोळात, तिथून भातखाचरात. बांधावरून पाणी सांडत असलं तर बांधावर उड्या मारत. माझ्या आजीचं माहेर आता डिंभ्याच्या पाण्याखाली आहे. ती सांगायची, चढणीच्या रात्री गावात कुणी झोपत नसे. कंदील, टेंभे, पाटी, जुनं धोतर, जे हाताला लागेल ते घेऊन माणसं ओढ्यावर. सकाळी घराघरातून एकच वास. अंडी घालायला निघालेल्या माशाला वाटेतच गाठायचं ही काही फार शहाणपणाची रीत नव्हती, हे आता कळतं. पण नदी मोकळी होती आणि पाटी लहान होती, त्यामुळं दर वर्षी पुन्हा चढण यायची.

तू चढणीला जात नाहीस. तुला गरजच नाही. तुझा नर उथळ पाण्यात चिखलात बशीसारखा खळगा करतो, तू तिथं अंडी घालतेस आणि उचलून तोंडात घेतेस. पिल्लं पोहायला लागली तरी धोका दिसला की पुन्हा तोंडात. दोन-चार महिन्यांत तुझी पोर आई होते. वर्षातून किती वेळा, याला तुला ना मृग लागतो ना पूर. साचलेलं पाणी असलं की झालं. आमचे मासे हजारोंनी अंडी टाकतात आणि निघून जातात. वाहतं, ताजं, गढूळ पाणी हीच त्यांची दाई. नदी थांबली की त्यांचं बाळंतपण थांबतं. तुझं उलट चांगलं होतं.

आणि नदी आम्हीच थांबवली. कुकडी प्रकल्पाची पाच धरणं: येडगाव, माणिकडोह, वडज, पिंपळगाव जोगे आणि आमचं डिंभे. डिंभे घोडवरचं, 2000 च्या सुमारास पुरं झालेलं, साडेतेरा टीएमसीचं. पलीकडं महाळुंगे पडवळला जन्मलेल्या हुतात्मा बाबू गेनूंचं नाव त्या जलाशयाला दिलं आहे. त्या पाण्यानं आंबेगाव तालुक्यातलं आंबेगाव गावच बुडालं. तालुक्याला नाव त्या गावाचं, गाव पाण्यात, कचेरी घोडेगावात. उन्हाळ्यात पाणी उतरलं की जुन्या आंबेगावाच्या खुणा वर येतात आणि माणसं आपली जुनी जागा बघायला जातात. धरणं नकोत असं मी म्हणणार नाही. नारायणगावचा टोमॅटो, मंचरचा कांदा, पार करमाळ्यापर्यंत गेलेला कालवा, हे सगळं त्याच पाण्याचं आहे आणि मीही तेच पितो. पण भिंत उभी राहिली तेव्हा खालचा मासा खाली राहिला आणि वरचा वर, एवढं कुणाच्या हिशोबात आलं नाही.

आता गंमत बघ. ज्या माणसांची भातखाचरं बुडाली ती महादेव कोळी आणि कातकरी कुटुंबं. नावात कोळी असलं तरी महादेव कोळी हा डोंगरचा शेतकरी: नाचणी, वरई, भात, हिरडा. खोल पाण्यात जाळं टाकणं त्याला माहीत नव्हतं. पाणी दारात आलं, पण त्यातला मासा आधी बाहेरच्या ठेकेदाराचा. मग ‘शाश्वत’ संस्थेच्या आनंद कपूर, कुसुम कर्णिक आणि त्यांच्या बरोबरच्या लोकांनी हा प्रश्न धरून ठेवला. पाणी उतरल्यावर उघड्या पडणाऱ्या गाळपेर जमिनीचा हक्क, डोंगरउतारावर दगडमातीचे बांध घालून खाचरं करायची जुनी पडकई, आणि जलाशयातली मासेमारी. आदिवासींची मच्छीमार सहकारी सोसायटी झाली. मुंबईच्या केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्थेनं पिंजरे लावायला शिकवलं. बारीक जिरे, म्हणजे माशांची इवली पिल्लं, थेट जलाशयात सोडली तर मोठे मासे खाऊन टाकतात. म्हणून पिंजऱ्यात वाढवून त्यांची बोटुकली करायची आणि मग सोडायची. या सगळ्या कामाला 2012 साली संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमाचं इक्वेटर पारितोषिक मिळालं. ज्यांनी पोहायलासुद्धा धरण आल्यावरच शिकून घेतलं, ती माणसं आज थर्माकोलच्या तराफ्यावर बसून पहाटे जाळं उचलतात. माझ्या मावशी त्यांच्यातल्याच.

तर तुला ‘चालती हो’ म्हणायचं कुणाच्या तोंडानं? मावशी उपऱ्या झाल्या आपल्याच गावात, तू उपरी आलीस परमुलखातून, आणि दोघींची गाठ पडली बुडालेल्या गावाच्या पाण्यावर. कटला, रोहू, मृगळ यांची बोटुकली दर वर्षी विकत आणून सोडावी लागते, कारण साचलेल्या पाण्यात त्यांची वीण नीट होत नाही. तुला कुणी बोलावलं नाही तरी तू असतेसच. ज्या वर्षी बोटुकली वेळेवर येत नाही त्या वर्षी मावशींची चूल तुझ्यावर चालते. हे मी विसरत नाही. शहरात बसून ‘परकी प्रजाती’ म्हणून नाक मुरडणाऱ्यांनी एकदा या बाजारात यावं.

तुझ्यावर बंदी होती हे तुला ठाऊक आहे का? तुला आणल्यावर सातच वर्षांत, 1959 साली, केंद्राच्या मत्स्य संशोधन समितीनं तुझा प्रसार करू नका असं सांगितलं होतं. तळ्यात तुझी संख्या इतकी वाढते की मग एकही धड मोठी होत नाही, बोटभर राहून पोरं काढत बसता, आणि बाकीच्यांचा चारा संपतो, हे तेव्हाच दिसलं होतं. बंदी कागदावर राहिली. तू बादलीतून गेलीस, कालव्यातून गेलीस, बोटुकलीच्या पिशवीत मिसळून गेलीस. पोरांनी तुला शेततळ्यात सोडलं, मोठ्यांनी विहिरीत. जगातल्या शंभर सर्वांत उपद्रवी परक्या जातींची एक यादी आहे, तिच्यात तुझं नाव आहे. आणि तुझ्या माहेरी, लिंपोपो-झांबेझीकडं, नाईल नदीतली तुझी चुलत बहीण मत्स्यशेतीसाठी आणून सोडली, तिचा तुझ्याशी संकर झाला, आणि आता तिकडं अस्सल तू धोक्यात आलेल्या जातींच्या यादीत आहेस. जगाच्या पाठीवर एका यादीत गुन्हेगार आणि दुसऱ्या यादीत बळी असा दुसरा मासा मला ठाऊक नाही. तुझ्यावर राग धरून बसावं असं वाटतं तेव्हा मी हे आठवतो.

माझा राग खरं तर वहीवर आहे. जलाशयातल्या मासेमारीच्या हिशोबात पाणी मोजतात हेक्टरात, बोटुकली नगात, उत्पादन किलोत. सोडलं किती, धरलं किती. जे मिळेनासं झालं त्याला रकाना नाही. मळ्या गेला तर किलो कमी होत नाहीत, कारण त्याच्या जागी तू तराजूत बसतेस, आणि तू त्याच्याहून जड असतेस. कागद सांगतो उत्पादन वाढलं. तो खोटं बोलत नाही. त्याला तेवढंच विचारलेलं असतं.

वास्तविक आमच्या नद्यांतले मासे मोजायची सुरुवात फार जुनी आहे. कर्नल साईक्स नावाचा इंग्रज कंपनी सरकारच्या नोकरीत असताना दख्खनभर हिंडला आणि 1830 च्या दशकाच्या अखेरीस त्यानं इथल्या माशांवर लिहिलं. चाळीसहून जास्त जाती. त्याचं एक मला फार आवडतं: पुष्कळ माशांना त्यानं इथल्या मासेमाऱ्यांच्या तोंडचीच नावं लॅटिनला जोडून दिली. खुद्री, कोळस, फुलुंगी, शिंगटी, मुल्या. पुण्याजवळच्या मुळा-मुठेत पकडलेला महाशीर जगभरच्या शास्त्रज्ञांच्या वहीत आजही ‘टॉर खुद्री’ आहे. ज्याच्या जाळ्यात तो सापडला त्या माणसाचं नाव कुठं नाही, पण त्याचा शब्द राहिला. इकडं त्याच्या नातवंडा-पंतवंडांना तो शब्द माहीत नाही. मावशींना विचारलं, खुद्री कोणता? त्या म्हणाल्या, “आता समदी चिलापी.”

आणखी एक योगायोग. 1952 साली, म्हणजे तू या देशात उतरलीस त्याच वर्षी, सी. व्ही. कुलकर्णी या मराठी मत्स्यशास्त्रज्ञानं कोल्हापूरच्या पंचगंगेतल्या एका छोट्या माशाची ओळख जगाला करून दिली. तो दुसऱ्या माशांची खवलं ओरबाडून खातो. म्हणून शास्त्रीय नावच ठेवलं ‘खवलचोर’. आपल्याकडं काय काय होतं हे कळायला लागलं तेव्हाच ते झाकून टाकणारी तू दारात आलीस.

पण आम्हीही काही धुतल्या तांदळासारखे नाही, हे तुला सांगितलंच पाहिजे. हाच आमचा खुद्री, आमचा देवमासा. सत्तरच्या दशकात लोणावळ्याला टाटांच्या तलावांवर त्याची अंडी काढून पिल्लं वाढवायचं मोठं काम झालं. कुलकर्णी त्यातही होते. धरणांमुळं मासा संपत चालला होता, त्याला वाचवायला हे केलं, आणि ते करून दाखवलं. मग ती पिल्लं देशभर वाटली गेली. काही कावेरीत सोडली. कावेरीत त्यांचा स्वतःचा महाशीर होता, पाठीवर कुबड असलेला, नारिंगी परांचा, जगातल्या मोठ्या महाशीरांपैकी एक. आमचा निळ्या परांचा तिथं असा फोफावला की कावेरीचा तो मासा आज नामशेष व्हायच्या काठावर आहे; 2018 पासून तो अतिसंकटग्रस्त यादीत आहे. पुणे जिल्ह्यातला आमचा लाडका देवमासा दुसऱ्याच्या नदीत जाऊन चिलापी झाला. वाईट हेतूनं कुणी काही केलं नव्हतं. मासे सोडणाऱ्या माणसाच्या मनात वाईट हेतू जवळजवळ कधीच नसतो.

तू म्हणशील, एवढं मोठं पुराण माझ्या एका जबड्यावरून. थांब, अजून समुद्र यायचा आहे. आमच्या घोडचं पाणी भीमेला, भीमेचं उजनीतून कृष्णेला, आणि उसानं, द्राक्षांनी, शहरांनी पिऊन जे काही उरेल ते आंध्रच्या किनाऱ्यावर बंगालच्या उपसागराला. त्या किनाऱ्यावर तुझ्यासारखीच एक पाहुणी आहे, व्हेनामी कोळंबी. प्रशांत महासागराच्या अमेरिकेकडच्या किनाऱ्याची. 2009 साली तिला रीतसर परवानगी मिळाली आणि आज आपल्या देशातून परदेशी जाणाऱ्या कोळंबीत बहुतेक तीच. तिच्या आधी तिथं इथल्याच वाघी कोळंबीची तळी होती. भातशेतात समुद्राचं पाणी भरायचं, पीक काढायचं, खत-औषध-विष्ठेचं ते पाणी खाडीत सोडायचं. शेजारच्या विहिरी मचूळ झाल्या, भातखाचरांना मीठ चढलं, तिवरं तुटली, खाडीतली बारीक मासळी बिथरली. 1990 नंतरच्या काही वर्षांत हे इतकं झालं की तमिळनाडूतले सर्वोदयी एस. जगन्नाथन सर्वोच्च न्यायालयात गेले. 11 डिसेंबर 1996 ला निकाल लागला. किनारा नियमन क्षेत्रातली, पारंपरिक पद्धतीची नसलेली तळी पाडा, नुकसानीची किंमत करणाऱ्यानं भरायची, कामावरून जाणाऱ्या मजुरांना सहा वर्षांची मजुरी द्यायची.

मला या निकालात एक गोष्ट सर्वांत महत्त्वाची वाटते आणि ती नागपूरची आहे. न्यायालयानं तिथल्या नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेला पाहणी करायला सांगितलं. नीरीच्या लोकांनी फक्त पाणी तपासलं नाही. त्यांनी वहीत तो रकाना पाडला. कोळंबीतून मिळकत किती, आणि तिच्यापायी गेलेलं भात, गेलेलं पिण्याचं पाणी, गेलेली मासेमारी, गेलेली मजुरी किती. दोन्ही आकडे शेजारी ठेवले, तर गेलेलं मिळालेल्यापेक्षा मोठं निघालं. निकालाचं पुढं काय झालं ते तुझ्या 1959 च्या बंदीसारखंच: 2005 साली संसदेनं किनारी मत्स्यशेतीचा कायदा केला, नोंदणीची वाट काढली आणि तळी राहिली. पण रकाना पाडता येतो, एवढं कळलं.

आमच्या डोंगरात त्याची गरज आता जास्त आहे. 2020 साली आलेल्या प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत जलाशयातल्या पिंजऱ्यांना अनुदान ठेवलं गेलं. सोसायटीचे बोटुकली वाढवायचे चार पिंजरे वेगळे, आणि पंगस मासा किंवा तुझी सुधारित वाणं बाजाराच्या वजनापर्यंत पोसायच्या पिंजऱ्यांच्या रांगा वेगळ्या. तिथं रोज पोत्यानं खाद्य पडतं. न खाल्लेलं आणि खाऊन टाकलेलं सगळं खाली बसतं, कुजतं, उन्हाळ्यात पाणी उतरलं की शेवाळ धरतं आणि तळाचा प्राणवायू खातं. वादळात जाळी फाटली की पिंजऱ्यातला मासा जलाशयात. नॉर्वेच्या सामन माशांच्या पिंजऱ्यांबद्दल हीच ओरड आहे, तिथं पाणी समुद्राचं आणि खोल, तरीसुद्धा. आमचं पाणी लोक पितात.

आणि त्या पोत्यात काय असतं? सोयापेंड, कोंडा, आणि थोडंफार फिशमील, म्हणजे सुकवून दळलेली समुद्रातली बारीक मासळी. तुझ्या खाद्यात ते कमी लागतं, तुला शेवाळ आणि चिखलातलं काहीही चालतं, हे तुझ्या बाजूनं नोंदवतो. पण बघ, समुद्राची मासळी पूर्वीही घाट चढून यायची. घाटमाथ्यावरच्या आहुप्याची माणसं घाट उतरून कोकणात बाजाराला जायची आणि येताना सुकट, बोंबील घेऊन यायची. पावसाळ्यात भाजी नसली की सुकटीची चटणी आणि नाचणीची भाकरी. आता तीच बारीक मासळी कारखान्यात दळून पोत्यात येते, मंचर-नारायणगावच्या कोंबड्यांना आणि धरणातल्या पंगसला. माणसाच्या ताटातली सुकट महाग झाली आहे. समुद्र घाट चढतो अजूनही, फक्त वाटेत त्याचं कोंबडीखाद्य होतं.

मला काय पाहिजे ते सांगतो. तुला हाकलून लावणं नको, ते होण्यातलं नाही आणि मावशींना परवडणारं नाही. भिंतीच्या आत, मोठ्या पाण्यात, तू आणि कटला आणि रोहू राहा. पण भिंतीच्या वरचे ओढे, आहुप्याकडचे, तिरपाडकडचे, जुन्नरात कुकडेश्वराच्या वरचे, तिथं कुणी काही सोडू नये. ना योजनेचं, ना नवसाचं, ना घरातल्या काचेच्या टाकीतला कंटाळा आला म्हणून आणून टाकलेला सकर मासा. 2011 साली पश्चिम घाटातल्या गोड्या पाण्यातल्या जिवांची मोठी पाहणी झाली. तिच्यात 290 जातींचे मासे तपासले आणि एक तृतीयांशाहून जास्त धोक्यात निघाले. जे उरलेत त्यांतले पुष्कळसे अशाच डोक्याकडच्या ओढ्यांत टिकून राहतात. दुसरं, बोटुकली सोडायच्या आधी त्या पाण्यात काय आहे ते मोजावं, आणि मोजायचं काम सोसायटीच्या लोकांना पैसे देऊन द्यावं. रोज जाळं तेच उचलतात. काय यायचं थांबलं हे त्यांच्याइतकं कुणालाच ठाऊक नाही. तिसरं, खुद्रीची पिल्लं काढायची विद्या लोणावळ्यात पन्नास वर्षांपासून आहे. परगावच्या नद्यांना पिल्लं वाटण्याऐवजी ती विद्या घोडचा कोळस घोडसाठी वाढवायला वापरा. यातलं तुझ्या हातात काहीच नाही, हे मला कळतं. तू वाचत नाहीस म्हणूनच पत्र अनावृत आहे. ज्यांच्या हातात आहे त्यांनी वाचावं.

आणि आम्ही स्वतः? चढणीला अंड्यांनी भरलेला मासा धरायची जुनी हौस आता सोडायला हवी. पाटी तेव्हा लहान होती. आता मच्छरदाणीची जाळी, बॅटरी आणि काही ठिकाणी विजेची तारसुद्धा आहे. ब्लीचिंग पावडर टाकून डोह रिकामा करणारी माणसं मी डोळ्यांनी पाहिली आहेत. त्यांचं पाप तुझ्या माथी मारणार नाही.

काल रात्री आहुप्याकडं जोराचा पाऊस झाला म्हणतात. आज घोडला पाणी तांबडं आहे. उद्या पहाटे वरच्या एका ओढ्यावर जाऊन बसणार आहे. पाटी नेणार नाही, शाळकरी दोनशे पानी वही नेणार आहे. बरोबर मावशींचा थोरला मुलगा येतो म्हणालाय, त्याला मासे माझ्यापेक्षा चांगले ओळखता येतात. जो चढेल त्याचं नाव तो सांगेल, मी लिहीन. मळ्या, खवली, वांब, शिंगटा, यांना एकेक रकाना आखला आहे. शेवटचा रकाना तुझा.

कळावे,
तुझं जुनं गिऱ्हाईक